दोन सुरांपासून तिसरा सूर



वसंतातल्या या व्याख्यानांसाठी आमच्याकडे विषय मागितला गेला, तेव्हा आम्ही किमान वेतन किंवा तेंदूपानांचा दर यांवर बोलू असे पुष्कळांना वाटले असेल. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतोच, आणि ज्यांनी ते ऐकायचे ते बहुधा ऐकत नाहीत. आज आम्ही निराळा विषय घेतला आहे. विजेच्या यंत्रात दोन सूर एकमेकांवर कसे काम करतात आणि त्यांतून तिसराच सूर कसा निघतो, हा तो विषय. मजूर संघटनेच्या माणसाचा याच्याशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध असा की, आमच्या संघटनेत विडीवाले आहेत, भातगिरणीवाले आहेत, तसेच लग्नात वाजविणारे बँडवालेही आहेत. लग्नसराई सुरू झाली की त्यांच्यापैकी कोणीतरी आमच्या दारी येतो आणि सांगतो, “दादा, ठेकेदार म्हणतो, यंदा बारा माणसे नकोत. एक कीबोर्ड आणि चौघे पुरेत.” ज्या यंत्राने आठ माणसांची रोजी जाते, ते यंत्र आत काय करते हे जाणून घेणे आम्ही संघटनेचे काम समजतो. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो, ते रेडिओ दुरुस्त करता करता आणि वाचनालयाच्या पुस्तकांतून. म्हणून जे सांगू ते पेटी, पंखा आणि गिरणी यांच्याच भाषेत सांगू.

आरंभ गिरणीपासून करू. भातगिरणीत दोन मोटारी शेजारी शेजारी चालू असल्या म्हणजे त्यांचा आवाज सरळ येत नाही. तो हळूहळू भरतो, ओसरतो, पुन्हा भरतो. समजा एक मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते आणि दुसरी १४४६. फरक मिनिटाला सहा फेऱ्यांचा. दोघींच्या धक्क्यांची गाठ मिनिटातून सहा वेळा पडते, म्हणजे दर दहा सेकंदांनी एकदा आवाज चढतो. गाठ पडते तेव्हा दोघींचे बळ एक होते. एकीचा धक्का दुसरीच्या उसंतीत पडतो तेव्हा आवाज मऊ होतो. याला भौतिकशास्त्रात विस्पंद म्हणतात. हार्मोनियम जुळविणारा कारागीर याच्यावरच पोट भरतो. दोन पट्ट्या एकदम वाजवून तो लहर मोजतो. सेकंदाला तीन लहरी आल्या तर दोहोंत तीन कंपनांचा फरक आहे हे त्याला कळते. मग तो पितळेची पट्टी जरा खरवडतो, लहर मंदावते, आणि ती नाहीशी झाली की सूर मिळाला. आपल्यापुढे या टेबलावर दोन पेट्या मुद्दाम ठेवल्या आहेत. (येथे दोन्ही पेट्यांवर षड्ज धरून दाखविण्यात आला.) ऐकलेत? लहर येते आहे. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली नादावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात गोड-कडू सुरांचा सारा विचार त्यांनी याच लहरींवर उभारला.

परंतु एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दोन पेट्या एकत्र वाजल्या तरी हवेत सूर दोनच असतात. एक २०० कंपनांचा आणि दुसरा २०३ चा असेल, तर हवेत २०० आणि २०३ एवढेच आहे. लहर ही त्यांच्या गाठीभेटीची खूण; नवा सूर तेथे जन्मलेला नाही. ही बेरीज झाली. दोन मजूर एकाच बांधावर दोन टोपल्या माती टाकतात, तशी.

आता दुसरा प्रकार. आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी चालू टेबलफॅनपुढे तोंड नेऊन “आऽऽ” केलेले आहे. आवाज कसा थरथरीत होऊन परत येतो! फॅनला तीन पाती असतात आणि ती सेकंदाला सुमारे वीस फेरे घेतात. म्हणजे आपला आवाज सेकंदाला साठ वेळा अडविला जातो आणि साठ वेळा सोडला जातो. येथे पंखा आपल्या आवाजात नुसता मिसळत नाही. तो आपल्या आवाजावर अंमल चालवितो. आवाज लहान करावा की मोठा, हे पात्याच्या हाती आहे. या अंमल चालविण्याला इंग्रजीत मॉड्युलेशन म्हणतात. पुस्तकी मराठीत त्याला विरूपण असा शब्द आहे. शब्द चांगला आहे, पण त्यात बिघडविण्याचा वास येतो. आम्ही आपल्या कामापुरते त्याला लगाम म्हणू. एक सूर पळतो, दुसरा त्याचा लगाम धरतो.

मौज पुढेच आहे. पंखा बंद होता होता पाती मंदावली की थरथर मोजता येते: एक, दोन, तीन. तीच सेकंदाला वीसपंचवीसच्या पलीकडे गेली की कानाला मोजता येत नाही. आणि कान जेथे मोजणे सोडतो तेथे त्याला सूर ऐकू येऊ लागतात. आपला आवाज २०० कंपनांचा आणि पंख्याचे अडविणे ६० वेळा, तर २०० च्या दोन्ही बाजूंना दोन नवे सूर उभे राहतात: २०० उणे ६० म्हणजे १४०, आणि २०० अधिक ६० म्हणजे २६०. हे दोन सूर आपण गायलेले नाहीत, आणि पंख्यानेही ते गायलेले नाहीत. ते लगामातून निघाले. बेरजेत आणि लगामात हाच भेद आहे, आणि आजच्या व्याख्यानाचे सारे त्यात आहे.

ही गोष्ट आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालू होती, पण तिकडे कोणी पाहिले नाही. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली, आणि आपल्या भागाने मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झवर तिची गाणी, शेतीच्या गोष्टी आणि बातम्या ऐकल्या. सेकंदाला पाच लाख पंच्याऐंशी हजार वेळा हलणारी लहर कानाला ऐकू येत नाही. गाणाऱ्याचा आवाज तिला लगाम घालतो आणि तिच्या पाठीवर बसून सालेकशापर्यंत येतो. घरचा रेडिओ त्याच विद्येने आवाज उतरवून घेतो. रेडिओच्या पोटात एक आंदोलक असतो, म्हणजे ठरावीक वेगाने कंप निर्माण करणारे मंडळ. आपण काटा नागपूरवर नेतो तेव्हा तो आंदोलक १०४० किलोहर्ट्झवर येतो. १०४० मधून ५८५ वजा केले की ४५५ उरतात, आणि ४५५ हाच रेडिओच्या पुढच्या भागाचा ठरलेला आकडा. कुठलेही केंद्र लावा, फरक तेवढाच ठेवायचा. आम्ही पहिला रेडिओ उघडला तेव्हा ही वजाबाकी कळायला आम्हांला तीन महिने लागले. पण ती कळल्यावर सिंथेसायझरचे पुस्तक परके वाटले नाही.

संगीताच्या यंत्रात असे आंदोलक दोन, तीन किंवा सोळा असतात. त्यांना एकमेकांवर घालण्याच्या मुख्य चार तऱ्हा आहेत. एकेक पाहू.

पहिली, आवाजाच्या लहानमोठेपणाला लगाम. ती पंख्याने सांगितलीच.

दुसरी तऱ्हा तिचीच कडक बहीण आहे. तिला रिंग मॉड्युलेटर म्हणतात, कारण तिच्यात चार डायोड वर्तुळात एकामागून एक जोडलेले असतात. हे मंडळ मुळात टेलिफोनवाल्यांचे. एकाच तारेच्या जोडीवरून अनेक संभाषणे पाठविण्यासाठी त्यांनी ते वापरले. त्यात एका बाजूने ४०० कंपनांचा आणि दुसऱ्या बाजूने ३०० चा सूर घातला, तर बाहेर ७०० आणि १०० येतात. ४०० ही नाही आणि ३०० ही नाही. आत गेलेले दोघेही बाहेर दिसत नाहीत, फक्त त्यांची बेरीज आणि वजाबाकी दिसते. मनुष्याचा आवाज यातून काढला तर तो मनुष्याचा राहत नाही, आणि पियानो काढला तर काशाच्या भांड्यासारखा वाजतो. जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेन यांनी १९७० साली दोन पियानोंची एक मोठी रचना याच उपायाने केली.

तिसरी तऱ्हा सर्वांत श्रीमंत आहे, म्हणून तेथे थोडे थांबू. हिच्यात लगाम आवाजाच्या जोराला नसून सुराच्या उंचीला असतो. सनईवाला लांब सूर धरून तो किंचित हलवितो, सेकंदाला पाचसहा वेळा. गवयी आंदोलन घेतो. आपल्या कानाला तो एकच जिवंत सूर वाटतो. आता कल्पना करा की हे हलविणे सेकंदाला सहा वेळा न होता शंभर वेळा झाले. कोणत्याही गळ्याला हे शक्य नाही. आंदोलकाला शक्य आहे. ४०० चा सूर शंभर वेळा हलविला, तर ३०० आणि ५०० निघतात, शिवाय २०० आणि ६००, १०० आणि ७००, अशी रांगच लागते. रांग किती लांब हे हलविण्याच्या खोलीवर अवलंबून. थोडे हलवा, दोनतीन सूर. खोल हलवा, दहापंधरा. त्यामुळे एकच बटण फिरवून मऊ बासरीसारखा आवाज पितळी तुतारीसारखा करता येतो.

येथे प्रमाणाचा मुद्दा येतो. ४०० आणि १०० यांचे प्रमाण सरळ आहे, चारास एक. म्हणून निघालेले सारे सूर शंभराच्या पाढ्यात बसतात आणि कानाला ते एकाच घरचे वाटतात. आता प्रमाण वाकडे करा. मूळ सूर २०० आणि हलविणारा २८०, म्हणजे एकास एक पूर्णांक चार दशांश. २०० अधिक २८० म्हणजे ४८०. आणखी २८० मिळवा, ७६०. खाली जा: २०० मधून २८० जात नाहीत, उणे ८० राहतात, कानाला उणे कळत नाही, तो ८० च ऐकतो. आणखी खाली उणे ३६०, म्हणजे ३६०. तर ८०, २००, ३६०, ४८०, ७६० असे सूर हाती आले. यांचा षड्ज कोणता म्हणाल? कानाला सांगता येत नाही. देवळातल्या घंटेचा नेमका सूर ज्या कारणाने पेटीवर धरता येत नाही, त्याच जातीचे हे कारण आहे. घंटेच्या धातूतही असेच बिनपाढ्याचे सूर एकदम उठतात. तेव्हा दोन साध्या सुरांच्या प्रमाणात फरक केला की एकीकडे सनई आणि दुसरीकडे घंटा मिळते. तबला याच्या नेमका उलट. चामड्याचे सूर स्वभावतः बिनपाढ्याचे; आपल्या कारागिराने मध्ये शाई लावून ते पाढ्यात आणले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली याच गोष्टीकडे जगाच्या शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. ज्याने शाई प्रथम लावली त्याचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही.

जुन्या यंत्रांत या तिसऱ्या तऱ्हेला एक खोड होती. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या साहाय्याने १९६४ साली आपले यंत्र सिद्ध केले. त्यात सुराची उंची विजेच्या दाबाने ठरे: एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. वाजविणाऱ्याला हे फार सोयीचे. पण सप्तक म्हणजे दुप्पट. ४०० च्या सुराला एक व्होल्ट वर ढकला, तो ८०० होतो, ४०० ने वाढला. एक व्होल्ट खाली ओढा, २०० होतो, २०० नेच घटला. म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे हलविले तरी वरची झेप मोठी आणि खालची लहान. खोल हलविले की सबंध सूरच वर सरकतो आणि गाणे बेसूर होते. त्यावर सरळ हिशेबाची दुसरी वाट काढावी लागली, तिच्यात वर आणि खाली कंपने सारखीच हलतात. शिवाय ही मंडळे उष्णतेने हलत. ट्रान्झिस्टर तापला की सूर सरकला. वैशाखात पत्र्याच्या मांडवाखाली असे यंत्र लावणाऱ्याने दर अर्ध्या तासाने ते पुन्हा जुळवावे.

चौथ्या तऱ्हेचे इंग्रजी नाव सिंक. दोन आंदोलक घ्यायचे. पहिल्याचा फेरा पुरा झाला की दुसऱ्याने आपला फेरा जेथे असेल तेथे सोडून पुन्हा आरंभापासून सुरू करायचा. दुसरा कितीही वेगाने धावो, त्याचा हिशेब पहिल्याच्याच फेऱ्याने होतो. म्हणून सुराची उंची पहिल्याची राहते. दुसऱ्याचा वेग वाढविला की उंची बदलत नाही, आवाजाचा रंग बदलतो, तो चिरत जातो. यंत्रवाल्यांनी या दोघांना मालक आणि गुलाम अशीच नावे दिली होती. आम्हांला ही नावे वाचून आश्चर्य वाटले नाही. गुलामाने अधिक राबावे आणि नाव मालकाचे व्हावे, याला दुसरा कोणता शब्द त्यांना सुचणार? अलीकडे ही नावे बदलण्याची चाल पडली आहे, हे चांगले झाले.

विद्या एवढी. आता ही विद्या आपल्या देशात कशी आली ते पाहू, कारण त्या इतिहासात आमच्या बँडवाल्यांचा प्रश्न दडलेला आहे.

विजेचा सूर आपल्या लोकांनी प्रथम नागाच्या रूपाने ऐकला. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगी आपणां सर्वांच्या कानांत आहे. संगीत हेमंतकुमारांचे, पण ती पुंगी भोपळ्याची नव्हती. कल्याणजी वीरजी शाह यांनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजविली. हे वाद्य फ्रान्सच्या काँस्तां मार्तें यांनी १९४७ साली काढले होते. निर्वात नलिकेचा एक आंदोलक आणि त्याच्यावर हळू हलणारा लगाम, एवढ्यावर सारा देश डोलला. खेडोपाडी गारुडीही पुढे आपल्या पुंगीवर तीच धून काढू लागले.

खरी प्रयोगशाळा मात्र अहमदाबादेत झाली. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचे यंत्र उभे केले. त्यामागे गीता साराभाई होत्या. १९४६ साली न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी जॉन केज यांना आपले संगीत शिकविले होते आणि त्यांच्याकडून त्यांचे शिकून घेतले होते. आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा ही मंडळी त्या यंत्रावर बसली. तीनचार वर्षांत काम थांबले. फिती कपाटात पडून राहिल्या. पॉल पुर्गस या संशोधकाने त्या पुढे शोधून काढल्या, आणि १९७२ पर्यंतच्या त्या रचना २०२३ साली लोकांपुढे आल्या. मधली पन्नास वर्षे आपल्या देशाने काय केले होते हे देशालाच ठाऊक नव्हते.

आम्हां संघटनावाल्यांना साराभाई घराणे दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी पस्तीस टक्के वाढीसाठी संप केला, गांधीजींनी उपवास केला. त्या वेळी गिरणीमालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते आणि कामगारांच्या बाजूला त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. त्यांतूनच १९२० साली मजूर महाजन उभे राहिले. गीताबेन या त्याच अंबालालांच्या कन्या. संस्थेत मूग आणला हे चांगलेच केले. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या शहरात कामगारांची एवढी मोठी संघटना होती, त्या शहरातले हे यंत्र संस्थेच्या चार भिंतींतच राहिले. सनईवाल्याच्या किंवा बँडवाल्याच्या हाती ते गेले असते तर फिती कपाटात पडून राहिल्या नसत्या. रस्त्यावर वाजल्या असत्या.

मुंबईत वाट निराळी पडली. तेथे यंत्र वादकाने आणले. केरसी लॉर्ड हे अ‍ॅकॉर्डियन आणि तालवाद्ये वाजविणारे जुने स्टुडिओ-वादक. १९७३ च्या सुमारास त्यांनी चित्रपटसंगीतात मूग आणला. लहान मूगमध्ये आंदोलक तीन असतात, आणि तिसरा स्वतः गाण्याऐवजी इतर दोघांना हलविण्याच्या कामी लावता येतो. पुढे १९८२ साली चरणजितसिंग या दुसऱ्या स्टुडिओ-वादकाने दहा राग नाचाच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली. त्यांच्यापाशी रोलंडचे जुपिटर-८ होते. आठ स्वर एकदम वाजतील असे, प्रत्येक स्वरामागे दोन, म्हणजे सोळा आंदोलक, आणि एकाने दुसऱ्याला हलविण्याची सोय त्यातच. तबकडी तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये ती युरोपात पुन्हा निघाली, आणि तेथल्या तरुणांनी तोंडात बोटे घातली. चरणजितसिंग सत्तरी ओलांडल्यावर तिकडे जाऊन ती वाजवून आले. २०१५ साली ते वारले.

हे १९८२ साल विसरण्याजोगे नाही. त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षी मे महिन्यात तिकडे लंडनमध्ये वादकांच्या संघटनेच्या एका शाखेने ठराव केला की, सिंथेसायझर आणि ठेक्याची यंत्रे यांवर बंदी घालावी. कारण एका बड्या अमेरिकन गायकाने आपल्या दौऱ्यात वाद्यवृंदाच्या जागी सिंथेसायझर वापरले होते. आम्हांला त्या लंडनच्या वादकांचा राग येत नाही. पोटावर पाय आला की माणूस प्रथम जे हाती येईल ते धरतो. पण बंदीने काम होत नाही, हे आपल्याला त्यांच्या आधी ठाऊक असायला हवे होते. आकाशवाणीने हार्मोनियमवर १९४० साली बंदी घातली. ती १९७१ मध्ये अंशतः उठली. या एकतीस वर्षांत हार्मोनियम मेली काय? ती कीर्तनात राहिली, नाटकात राहिली, भजनात राहिली. बंदी रेडिओपुरती होती, पेटी लोकांची होती.

यंत्राने रोजी जात नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणारा एकतर व्यापारी असतो किंवा त्याने मांडवात रात्र काढलेली नसते. मूकपट बोलू लागले तेव्हा पडद्यापुढे बसून वाजविणाऱ्यांची कामे गेली. मुंबईच्या स्टुडिओंत एका गाण्याला शंभर वादक बसत. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती बैठक मोडली. आमच्या तालुक्यात तेच आज बाराच्या चौघांवर येत आहे. प्रश्न एवढाच की, यंत्राने वाचविलेले पैसे कोणाच्या खिशात जातात आणि यंत्राची विद्या कोणाच्या डोक्यात राहते.

विद्येचे मोल काय असते याचा एक दाखला देतो. सुराला सुराने हलविण्याची ती तिसरी तऱ्हा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली संगणकावर करून पाहिली. सुराचा कंप वाढवीत वाढवीत गेले असता त्यांना हे रंग सापडले. विद्यापीठाने पुढे त्यांना नोकरीत कायम केले नाही. यामाहा या जपानी कंपनीने त्या शोधाची चौकशी केली, तेव्हा विद्यापीठाने त्यांना परत बोलाविले. त्या विद्येवर यामाहाने १९८३ साली डीएक्स-७ नावाचे वाद्य काढले, ते दीड लाखांहून अधिक खपले, आणि विद्यापीठाला हक्कापोटी सुमारे दोन कोटी डॉलर मिळाले. शिकलेल्या प्राध्यापकाची ही कथा. मग आमच्या क्लॅरोनेटवाल्याची काय असेल?

म्हणून आम्ही आमच्या मंडळींना तीन गोष्टी सांगतो आणि आज आपल्यापुढेही मांडतो. पहिली, कीबोर्ड ठेकेदाराचा नको, बँडचा हवा. बारा जणांनी थोडेथोडे काढून तो घ्यावा आणि त्याची मिळकत बारा जणांत वाटावी. आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीकडे पाहा. वडशाच्या नाटक मंडळ्या रात्र रात्र गाणी प्रत्यक्ष गातात आणि साथही मंचापुढे बसून करतात. तेथे विजेचे वाद्य आले तरी वादक उठला नाही, कारण नटाने चाल लांबविली तर त्याच्या मागे जाणारा माणूसच लागतो.

दुसरी गोष्ट, विद्या. बाजारातल्या कीबोर्डात तयार आवाज भरून येतात. वाजविणारा बटण दाबतो आणि लोक म्हणतात हा तर अमक्या गाण्यासारखा वाजवितो. ज्याला दोन आंदोलकांचे प्रमाण कळते तो आपला आवाज आपण घडवील. आमच्या गोंड बांधवांच्या ढोलाचा घुमारा, कचारगडच्या यात्रेत जो उठतो, तो कोणत्याही कारखान्यातून भरून येणार नाही. शाळांतील विज्ञानशिक्षकांनी उन्हाळ्यात पंधरा दिवस दिले, तर दोन जुन्या रेडिओंच्या सुट्या भागांवर हे सारे दाखविता येईल. पदवीची गरज नाही, बेरीज-वजाबाकी पुरे.

तिसरी गोष्ट, हक्क. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने कलावंतालाही त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी वापरातील मिळकतीत वाटा मान्य केला. आपल्या वादकांना हे कोणी सांगत नाही. ध्वनिमुद्रणाला जाताना कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, वाचता येत नसेल तर आमच्याकडे आणावा.

पंखा मंद असता कान थरथर मोजतो आणि वेग वाढला की त्याला नवे सूर ऐकू येतात, असे आम्ही आरंभी सांगितले. यंत्राचा वेग वाढत राहणारच. त्यांतून जे नवे सूर निघतील त्यांत आमच्या वाजंत्र्याचा वाटा असावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

उद्या सकाळी येथेच या दोन पेट्या, एक टेबलफॅन आणि एक उघडलेला रेडिओ ठेवलेला असेल. ज्या मुलामुलींना हात लावून पाहायचे असेल त्यांनी यावे; बँडवाल्यांनी तर यावेच.